पंपाचा आवाज तर येत होता

चावी ऑन केली की टाकीतून ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो, दोन-तीन सेकंद टिकतो आणि थांबतो. माझ्या मोटारसायकलचा हा आवाज मला 2012 पासून पाठ आहे. म्हणूनच मे महिन्यात पसरणी घाटात गाडीनं पहिल्यांदा दम सोडला, तेव्हा फ्युएल पंपाचा, म्हणजे इंजिनाला पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा, विचार माझ्या मनाला शिवला नाही. आवाज तर येत होता.

मी वाईत राहतो आणि पाचगणीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. रोजचे बारा-तेरा किलोमीटर, त्यातला बहुतेक घाटच. गाडी पाचशे सीसीची, सिंगल सिलिंडर, फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पंपाच्या दाबानं इंजिनात पेट्रोल फवारणारी. मी घेतली तेव्हा आजूबाजूला सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या होत्या. एप्रिल 2020 ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 हे नवे नियम आले आणि मग जवळपास प्रत्येक मोटारसायकलमध्ये इंजेक्शन आलं. आता ती एकाहत्तर हजार किलोमीटर चालली आहे. पहिल्या पगारवाढीच्या फरकातून घेतलेली गाडी आहे, विकायचा विचार मी कधी केला नाही आणि करणार नाही.

घाटात व्हायचं ते असं. निम्मा चढ संपला, गाडी तिसऱ्या गिअरवर ओढत असली की अचानक पिकअप जायचा. ॲक्सिलरेटर पिळला तर उलट आणखी गळपटायची, दोन झटके द्यायची आणि बंद. मी कठड्याला गाडी लावून उभा राहायचो. खाली धोम धरणाचं आटलेलं पाणी, वाईची घरं, उन्हाचा तडाखा. पंधरा मिनिटांनी सेल मारला की काही झालंच नाही अशी सुरू. संध्याकाळी उतरताना एकदाही तक्रार नाही. दोन आठवड्यांत चार वेळा झालं.

गॅरेजमध्ये प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ झाली. मेकॅनिक दादांना तरी काय म्हणणार? त्यांच्या दारात गाडीनं एकदाही मिसिंग मारलं नाही. ते सपाटीवर बाजारापर्यंत चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, “सर, गाडी एकदम ओके आहे.”

धागा सापडला तो बाबांमुळे. बाबांची सगळी हयात कार्बोरेटरच्या गाड्यांवर गेली. टाकी वर, कार्बोरेटर खाली, कॉक उघडला की पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं. पंपाशी त्यांचा कधी संबंध आला नाही. पण प्रश्न विचारायची त्यांची पद्धत पक्की आहे.

“उतारावर होतं का रे?”

“नाही बाबा.”

“सकाळी निघताना?”

“नाही. तापल्यावरच.”

“आणि टाकी फुल असताना?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी टाकी फुल करतच नव्हतो. दोनशेचं टाकायचं, संपत आलं की पुन्हा दोनशेचं, अशी कित्येक वर्षांची सवय. या गाड्यांचा पंप टाकीच्या तळाशी पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि त्याची मोटर थंड ठेवायचं काम तेच पेट्रोल करतं. पेट्रोल कमी, त्यात चढावर गाडी मागे कललेली, खालून इंजिनची धग. असा अर्धा उघडा पंप मी वर्षानुवर्षं रोज घाटात चालवत होतो.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका मित्राकडून पेट्रोलचा दाब मोजणारं फ्युएल प्रेशर गेज आणलं आणि पंपाच्या पाइपला टी आकाराचा जोड लावून जोडलं. थंड गाडीवर दाब 2.9 बार. साधारण 3 हवं, म्हणजे ठीक. मग गाडी वीस मिनिटं चालू ठेवली, अधूनमधून रेज दिली. काटा हळूहळू 2.4 वर आला, मग 1.9. त्याच वेळी पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर बारा व्होल्टच्या वरच दाखवत होता, म्हणजे दोष वायरिंगचा नाही, तापल्यावर पंपच दमत होता. चावी बंद केली तर काटा टिकून राहायला हवा होता; तो बघता बघता शून्यावर आला. सकाळी चावी दोनदा ऑन-ऑफ केल्याशिवाय गाडी स्टार्ट का घेत नव्हती, तेही तिथेच कळलं.

पंपाच्या पूर्ण असेंब्लीचे, म्हणजे अख्ख्या संचाचे, साडेसात हजार सांगितले. पण पंप धरून ठेवणारी प्लेट, पेट्रोल किती आहे ते सांगणारा फ्लोट, दाब सांभाळणारा रेग्युलेटर सगळं शाबूत असताना फक्त आतली मोटर बदलता येते. पुण्यात नाना पेठेत तीन दुकानं फिरून त्याच मापाची, त्याच प्रेशरची मोटर बाराशेला मिळाली. सोबत पेट्रोल गाळणारी जाळी, गळती रोखणारी रबरी ओ-रिंग आणि आतला पाइप. या पाइपाबद्दल दुकानदार काकांनी मला थांबवून सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. साधा पेट्रोल पाइप आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत बुडवला तर फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपपाशी फाटतो. बुडून राहणारा पाइप वेगळाच मागावा लागतो.

रविवारी सकाळी अंगणात काम काढलं. पंपाचा कनेक्टर काढून गाडी चालू केली आणि ती आपोआप बंद पडू दिली, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडली. हातपंपानं टाकी रिकामी करायला घेणार तेवढ्यात आई दारात आली. “थांब जरा. देवाजवळचा दिवा शांत होऊ दे, मग काढ ते.” मी थांबलो.

टाकी जुन्या गोधडीवर उलटी ठेवली. प्लेटचे बोल्ट सोडले आणि पंप तिरका करत बाहेर घेतला. सरळ ओढला तर फ्लोटची तार वाकते. जाळी मूळची पांढरी, ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. बोटांत दाबली तर गंजाची बारीक पूड आणि पाण्याचे दोन थेंब निघाले. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि माझ्या टाकीत पेट्रोलपेक्षा हवाच जास्त असायची. टाकी दोनदा ताज्या पेट्रोलनं खळखळून धुतली, तिसऱ्यांदा चांगली निघाली.

नवीन मोटर बसवताना वायरींचं प्लस-मायनस मी तीनदा ताडून पाहिलं. उलटं जोडलं तर मोटर उलटी फिरते, आवाज तसाच येतो आणि प्रेशर मात्र बनत नाही. ओ-रिंग नवी घातली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. टाकीत आठ लिटर घातलं, चावी ऑन केली आणि आधी प्लेटच्या कडेनं कोरडं बोट फिरवलं. कुठे ओल नाही. गेजवर 3 बार. वीस मिनिटांनीही 3 बार. चावी बंद केल्यावर काटा जिथल्या तिथे.

अंगणातला पेट्रोलचा वास त्या दिवशी काही गेला नाही, म्हणून तिन्हीसांजेला आईनं घरात दिवा लावला नाही. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. तोवर मी घाट चढून, शाळा करून, उतरूनही आलो होतो.