रेघेखालचा आकडा

गेल्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या तीन ज्युनिअर मुलींनी एकच प्रश्न विचारला. "ताई, बीएएमएस झालं, आता एमपीएच करू का?" म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी झाली, आता सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) घेऊ का? तिघींशीही अर्धा अर्धा तास बोलले. तरी फोन ठेवला की वाटायचं, जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे बसून नीट लिहिते.

२०१९ चा जुलै. आषाढी एकादशीचा आठवडा. इंटर्नशिप संपवून मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून लागले होते. एका गावातून जुलाब-उलट्यांचे पेशंट यायला लागले. पहिल्या दिवशी ७, दुसऱ्या दिवशी १९. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात खाटा टाकल्या आणि खिडकीच्या गजांना सुतळीने सलाइनच्या बाटल्या बांधल्या. मी आणि दोन सिस्टर रात्रभर जागून सलाइन लावत होतो, ओआरएसची पाकिटं फोडत होतो, लेकरांना झिंकच्या गोळ्या पाण्यात विरघळवून देत होतो. एकही पेशंट दगावला नाही. आपण डॉक्टर झालो, असं मला पहिल्यांदा मनापासून वाटलं ते त्या रात्री.

आमच्याकडे एक आरोग्य सहाय्यक होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. चौथ्या दिवशी सकाळी ते ओपीडीचं रजिस्टर घेऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, "मॅडम, हे सगळे एकाच आळीचे कसे काय?"

मी त्या रजिस्टरमध्ये वय बघितलं होतं, निदान लिहिलं होतं, औषधं लिहिली होती. पत्त्याच्या रकान्यावर माझी नजर एकदाही ठरली नव्हती. काकांनी एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला. वरच्या अंगाला पाण्याची टाकी, मध्ये मारुतीचं देऊळ, खाली वस्ती. ज्या घरात आजारी माणूस, त्या घरावर फुली. सगळ्या फुल्या देवळाच्या खालच्या बाजूला पडल्या.

दुपारी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गावात गेले. काकांच्या पिशवीत ओटी टेस्टचा डबा होता. काचेची छोटी नळी, तिच्यात खुणेपर्यंत नळाचं पाणी घ्यायचं, वरून ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाचं पाणी छान पिवळं झालं. देवळापाशी ते फिकट झालं. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळावर काकांनी नळी उन्हात धरली, हलवली, पुन्हा धरली. पाणी जसंच्या तसं. रंगाचा पत्ता नाही. दारात उभी असलेली एक आजी म्हणाली, "बघा की, किती नितळ हाय पाणी."

मग तिथून उलटं वर चालत आलो. देवळामागे नळाची लाइन गटारातून गेली होती आणि एका जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. नळ सुटला की तिथून पाणी बाहेर यायचं, नळ गेला की पाइपात गटाराचं पाणी ओढलं जायचं. पाइपाचा तुकडा बदलला, लाइन धुऊन काढली, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मोजून टाकलं, तोवर आळीला टँकरचं पाणी दिलं. चार दिवसांत नवे पेशंट यायचे थांबले.

मी ५० च्या आसपास माणसांवर उपचार केले. काकांमुळे किती माणसं आजारी पडायची वाचली, ते कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही. साडेपाच वर्षं शिकून मला पत्त्याचा रकाना का दिसला नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. पुढे कोविड आला. दीड-दोन वर्षं स्वॅब, याद्या, विलगीकरण यातच गेली, आणि तो प्रश्न आणखी घट्ट झाला.

घरी एमपीएचचं नाव काढलं तेव्हा काय झालं, तेही सांगायला हवं, कारण तिघींच्याही घरी हेच चाललंय. अप्पांनी माझ्या दवाखान्यासाठी अंबाजोगाईत एक गाळा बघून ठेवला होता, इसार पण दिला होता. आई म्हणाली, "डॉक्टर होऊन पेशंट सोडायचे? मग डॉक्टर कशाला झालीस?" अप्पांनी शांतपणे विचारलं, "हे एमपीएच म्हणजे डॉक्टरकीच्या वरचं का खालचं?" मला पटकन उत्तर सुचेना. मग मी जामखेडचं नाव घेतलं.

जामखेड आमच्या जिल्ह्याला लागूनच. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना आरोळे डॉक्टर माहीत आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिले. गावातल्या बायांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही तिथेच तीच पदवी घेतली. घरातल्या घरात नवजात बाळाची काळजी घ्यायला त्यांनी गावातल्या बायांना शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याच्या मुळाशी ते काम आहे. अप्पा सगळं ऐकून घेत होते. नंतर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आरोळे डॉक्टरांनी हे केलं असेल तर कर." गाळ्याचा इसार बुडाला. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

२०२१ मध्ये मुंबईला देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, म्हणजे टिसमध्ये, दोन वर्षांच्या एमपीएचला लागले. सुरुवातीचे वर्ग मोबाइलच्या स्क्रीनवर झाले, मग कॅम्पसवर गेले. वर्गात दातांचे डॉक्टर होते, नर्सिंग झालेल्या मुली होत्या, संख्याशास्त्र शिकलेला एक मुलगा होता, समाजकार्य केलेले होते. डॉक्टर असण्याची अट इथे नाही, हे माहीत नसल्यामुळे खूप जण अर्जच करत नाहीत. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, त्यामुळे पहिल्या सत्रात एक पेपर वाचायला मला आख्खी संध्याकाळ लागायची. जीवसंख्याशास्त्र तर रात्री जागून, वहीत हाताने गणितं करून गळी उतरवलं. पण साथरोगशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकले आणि काकांचा नकाशा डोळ्यांसमोर लख्ख झाला. पाचवीतला अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला रेघेच्या वरचे दिसतात, जे आजारी पडून आले ते. ते किती माणसांमधून आले, आणि जे आलेच नाहीत ते कोण, हे सगळं रेघेच्या खाली असतं.

हे नीट उमगलं गोवंडीत. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवरची मोठी साथ आली आणि तिचा सगळ्यात जास्त जोर गोवंडी ज्यात येते त्या महापालिकेच्या एम पूर्व विभागात होता, आमच्या कॅम्पसपासून रिक्षाच्या अंतरावर. लहान लेकरं दगावली. क्षेत्रकार्याचा भाग म्हणून आम्ही काही जण एका संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर घरोघर फिरत होतो. ताप आणि अंगावर पुरळ असलेलं मूल आहे का, लसीचं कार्ड आहे का, एवढंच विचारायचं. डम्पिंग ग्राउंडच्या बाजूच्या एका गल्लीत लोखंडी शिडी चढून वरच्या खोलीत गेलो. एक बाई जमिनीवर बसून जीन्सच्या पँटचे धागे कापत होती. बाजूला दीड वर्षाचा मुलगा, डोळे लाल, नाक गळतंय, कानामागून पुरळ उतरत गालांवर आलेलं. "खसरा निकला है," ती म्हणाली. लसीचं विचारलं तर तिने पत्र्याच्या पेटीतून थोरल्या मुलीचं कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, सगळे डोस पूर्ण. या मुलाच्या वेळी लॉकडाऊनमध्ये गावी गेले, परत आल्यावर ही नवी खोली घेतली, आणि या गल्लीत लसवाली बाई कधी आलीच नाही. दिवसा केंद्रावर जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

त्या दिवसांत सगळीकडे एकच ऐकू येत होतं, की या वस्तीतले लोक लसीला विरोध करतात. काही घरांत विरोध होता, ते मी नाकारत नाही. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड जपून ठेवणारी ती बाई विरोधक नव्हती. तिची गल्ली यादीतच नव्हती. गोवर थांबवायचा तर १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. आता १०० मुलांच्या यादीतली ९५ झाली की कागद म्हणतो काम झालं. यादीबाहेर आणखी ३० मुलं राहत असतील तर तोच कागद खोटा ठरतो, आणि तो खोटा आहे हे पहिल्यांदा कळतं ते एखादं लेकरू गेल्यावर. त्या संध्याकाळी आम्ही ती गल्ली हाताने नकाशात काढली आणि आरोग्य केंद्रात नेऊन दिली. पुढच्या आठवड्यात तिथे लसीकरणाचं सत्र लागलं, रविवारी.

आता नोकरीबद्दल. स्पष्टच लिहिते. पदवी मिळाली की लगेच कुणी दारात येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या जागा बहुतेक कंत्राटी, ११ महिन्यांच्या. संस्थांमधल्या जागा प्रकल्पावर, प्रकल्प संपला की जागा संपली. माझा पहिला पगार ३८ हजार होता, आणि माझ्या बॅचच्या ज्या मैत्रिणीने दवाखाना टाकला ती आज त्याच्या कितीतरी पुढे आहे. घरावर कर्ज असेल तर हा हिशोब आधी मांडा. शक्य असेल तर शिकायला जाण्याआधी वर्षभर तरी एखाद्या आरोग्य केंद्रात काम करा. ज्यांनी उपकेंद्र आतून बघितलं होतं त्यांना वर्गातला प्रत्येक शब्द कुठेतरी चिकटत होता, हे मी स्वतः पाहिलं.

मी परत बीडला आले. एका संस्थेत ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर काम करते. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या पुढे-मागे लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जाणार. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर, फडाजवळ ना संडास ना न्हाणी. अंगावरून पांढरं जायला लागलं, पोट दुखायला लागलं की बाई दवाखान्यात जाते आणि तिथे ऐकते, "गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल."

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या सख्ख्या मावशीची पिशवी तिशीच्या आत काढलेली आहे. पण माहीत असणं वेगळं आणि मोजलेलं असणं वेगळं. २०१९ मध्ये या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण १७ टक्के. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडं वर होतं. वयोगट सारखे नसतील तर दोन आकडे एकमेकांशेजारी जपून ठेवावे लागतात, हे मी शिकले आहे. तरीही एवढी मोठी दरी वयाने भरून निघत नाही. आता आमच्या जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. नुसता वरचा १३,८६१ सांगितला असता तर कुणी म्हणालं असतं, असतील तेवढ्या आजारी. खालचा ८२,३०९ आला आणि तसं म्हणायची सोय राहिली नाही.

मागच्या हंगामात एका फडावर २९ वर्षांची बाई भेटली, पिशवी काढून तीन वर्षं झालेली. पाचटावर बसून बोलत होतो. "पाळीचा तरास गेला," ती म्हणाली, "पण कंबर धरली ती धरलीच." मी तिचा रक्तदाब बघितला, हिमोग्लोबिन तपासलं, औषधाची चिठ्ठी दिली. आई म्हणते तसे पेशंट मी पूर्ण सोडलेले नाहीत. मग वही काढली. या टोळीत कोयते किती, बाया किती, गरोदर किती, पाच वर्षांखालची लेकरं किती, कुणाची लस राहिलीय. गावाकडच्या आशाताईंच्या वहीत ही माणसं 'स्थलांतरित' अशी लिहिलेली असतात, आणि इथल्या उपकेंद्राच्या वहीत ती नसतातच.

अंधार पडत आला होता. चुलीवर भाकरी टाकणाऱ्या एका पोरीला विचारलं, "झाले का सगळे? अजून कुणी राहिलं?" तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि ओढ्याच्या दिशेने हात केला. "तिकडं काल रातच्याला दोन कोयते आलेत. एकीचे दिवस भरलेत. तिला लिवलं का?"

लिहिलं नव्हतं. सोबतच्या सिस्टरने बीपीचं मशीन पिशवीत टाकलं, मी गाडीचा दिवा लावला, आणि आम्ही ओढ्याकडे निघालो.