यातला नर कुठला, मादी कुठली?

आमच्या पडवीतल्या भिंतीवर, घड्याळाखाली, एक फोटो टांगलेला आहे. साखरपाण्याची तांबडी बाटली आणि तिच्या दोन बाजूंना हवेत थांबलेले दोन हमिंगबर्ड पक्षी. डावीकडचा हिरवट, गळ्या-छातीवर खवल्यांसारखी करडी-पांढरी नक्षी असलेला. उजवीकडच्याचं डोकं आणि गळा गर्द निळा, मानेमागे पांढरा पट्टा, पोट पांढरंशुभ्र आणि शेपटी पांढऱ्या पंख्यासारखी उलगडलेली. घरी येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात धरून त्यासमोर उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘यातला नर कुठला, मादी कुठली?’ तुम्हीही परवा तेच विचारलंत आणि मी ‘सावकाश सांगतो’ म्हणालो. तुम्हाला वाटलं असेल, एवढ्या साध्या प्रश्नाला सावकाश कशाला? चार-पाच वर्षं मी क्षणाचाही विचार न करता ‘निळा नर, हिरवी मादी’ असं सांगत होतो. ते उत्तर आता मला देता येत नाही.

फोटो पनामातल्या गांबोआ गावचा आहे. मी जहाजावर इंजिनिअर होतो. नोकरीत पनामा कालव्यातून सतरा वेळा गेलो, पण कालवा म्हणजे माझ्यासाठी इंजिन कंट्रोल रूम. आठ-दहा तास स्टँडबाय, कान वरून हुकूम देणाऱ्या टेलिग्राफ यंत्राकडे, डोळे काट्यांवर. डेकवरची पोरं खाली येऊन सांगायची, ‘सर, दोन्ही बाजूंना काय जंगल आहे!’ ते जंगल मी निवृत्त झाल्यावर, 2017च्या फेब्रुवारीत बायकोला घेऊन पाहिलं. चाग्रेस नदी जिथे कालव्याला मिळते तिथे गांबोआ आहे. कालव्याच्या कामगारांसाठी वसवलेलं छोटंसं गाव, लाकडी घरं, आणि गावाला खेटून सोबेरानिया राष्ट्रीय उद्यान. झाडांच्या फटीतून एखादं कंटेनरचं जहाज सरकताना दिसायचं आणि मला उगीचच खालच्या माणसांची आठवण यायची.

तिथल्या एका पडवीत साखरपाण्याच्या बाटल्या टांगल्या होत्या. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, बस्स. आम्ही सकाळी सातला जाऊन बसलो ते ऊन चढेपर्यंत हललो नाही. एवढ्याशा जागेत मी इतकी भांडणं कधी पाहिली नव्हती. कानाजवळून भर्रकन काहीतरी जायचं, बाटलीपाशी झटापट, कुणीतरी पळून जायचं. त्या निळ्या-पांढऱ्याची सगळ्यांवर दहशत. मी बायकोला म्हणालो, ‘हा बघ नर, कुणाला टिकू देत नाही.’ ती तिच्या वहीत लिहीत होती. फोटोही तिनंच काढला.

पक्ष्याचं इंग्रजी नाव व्हाइट-नेक्ड जॅकोबिन. पॅरिसमधल्या डॉमिनिकन साधूंना जॅकोबिन म्हणत, त्यांच्या पोशाखावरून हे नाव आलं. शास्त्रीय नाव फ्लोरिसुगा मेलिव्होरा. त्यातला दुसरा, मध खाणारा अशा अर्थाचा शब्द 1758 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं दिलेला. मेक्सिकोच्या दक्षिणेपासून खाली बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंतच्या दमट अरण्यांत हा राहतो. हमिंगबर्डच्या मानानं अंगानं चांगला मोठा, तरी वजन साधारण 7 ग्रॅम. दहा रुपयांचं नाणं याहून थोडं जड भरेल.

इथे मी नेहमी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. आपल्या जास्वंदीवर, पपईवर येतो तो हमिंगबर्ड नव्हे. तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. आज हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, साडेतीनशेहून जास्त जाती, सगळ्या तिकडेच. शिंजीर नात्यानं चिमणी-बुलबुलांकडचा, आणि हमिंगबर्डचं जवळचं नातं पाकोळी पक्ष्यांशी. दोघांनाही फुलातला मध हवा होता, म्हणून चोची सारख्या झाल्या. पिसांवरची झळाळीही तशीच. बाकी घराणी वेगळी. शिंजीर जमेल तिथे डहाळीला धरून मध पितो. हमिंगबर्ड हवेतच उभा राहतो.

ते उभं राहणं मला इंजिनिअर म्हणून फार भावतं. साधा पक्षी पंख खाली मारतो तेव्हा उचलला जातो, पंख वर नेणं म्हणजे पुढच्या फटक्याची तयारी. हमिंगबर्ड खांद्यातून पंख उलटा फिरवतो, त्यामुळे परतीच्या फेरीतही हवा खाली ढकलली जाते. 2005 साली याच कुळातल्या एका जातीवर केलेल्या मोजणीत दिसलं की उचलण्याचं पाऊण काम पंख खाली येताना होतं आणि पाव काम वर जाताना. म्हणजे डबल ॲक्टिंग पंप! आमच्याकडे जहाजावर तसले पंप होते, जाता-येता दोन्ही फेऱ्यांत पाणी ओढणारे. पण इतक्या कामाला इंधनही तसंच लागतं. म्हणून हे पक्षी दिवसभर गोड पाण्याच्या मागे असतात, वर उडते किडेही पकडतात, आणि म्हणूनच फुलावरून एवढे जिवावर उठतात. गांबोआत मला जी भांडणं दिसली ती हौसेची नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

2021 साली जे फॉक नावाच्या पक्षी-अभ्यासकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर एक संशोधन प्रसिद्ध केलं. काम झालं होतं गांबोआतच, आम्ही गेलो त्याच काळात चालू होतं, हे वाचून मला कसंसंच झालं. काही माद्या नरासारख्या दिसतात, हे आधीपासून माहीत होतं. का दिसतात, हा प्रश्न होता. त्यांनी शेकडो जॅकोबिन पकडले, रक्ताच्या थेंबावरून नर-मादी ठरवली आणि सोडून दिले. तेव्हा दिसलं की प्रौढ माद्यांतल्या सुमारे 20 टक्के निळ्या-पांढऱ्या असतात, थेट नरासारख्या. त्याहून नवल पिल्लांचं. बहुतेक पक्ष्यांत पिल्लं आईसारखी मळकट असतात आणि नर मोठा होताना रंग धरतो. इथे उलट आहे. घरट्याबाहेर पडलेली सगळी तरणी पाखरं, नर असोत की माद्या, निळीच. वाढता वाढता बहुतेक माद्या हिरवट होतात, काही तशाच निळ्या राहतात.

कशासाठी? आपल्या डोक्यात पहिलं उत्तर येतं ते जोडीदाराचं. नटूनथटून कुणाला तरी भुलवायचं असणार. ते तपासायला त्यांनी बाटल्यांजवळ पेंढा भरलेले पक्षी ठेवले, निळा नर, निळी मादी, हिरवट मादी. नर प्रणयासाठी आले ते मुख्यतः हिरवट मादीकडे. म्हणजे निळा रंग मादीला नर मिळवून देत नाही. पण त्रास कुणाला झाला? तोही हिरवट मादीलाच. तिला टोचणं, तिच्यामागे धावणं, तिला हुसकणं. मग पक्ष्यांना नखापेक्षा लहान इलेक्ट्रॉनिक खुणा लावून बाटल्यांवर त्यांच्या फेऱ्या नोंदवल्या, तर निळ्या माद्यांना खाणं जास्त मिळत होतं. निळं दिसलं की इतर जण वाटेला जात नाहीत, एवढंच. 2022च्या पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की या निळ्या माद्या अंगानं, ताकदीनं इतर माद्यांसारख्याच असतात. दांडगाई नराची, वेष तेवढा त्यांनी घेतलेला.

हे वाचलं त्या दिवशी मी पडवीत जाऊन फोटोसमोर बराच वेळ उभा राहिलो. ‘निळा आहे, भांडतो आहे, म्हणजे नर’ हे मी सात ग्रॅमच्या जिवाकडे दोन मिनिटं बघून ठरवलं होतं आणि पुढे कितीतरी लोकांना शिकवलं होतं. बायकोला सांगितलं तर तिनं कपाटातून वही काढली. त्या तारखेच्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘निळा. नर?’ प्रश्नचिन्हासकट. मी विचारलं, तुला तेव्हाच शंका का आली? म्हणाली, ‘भांडणारा तो नरच, असं कशावरून? भाजीबाजारात मी काय कमी भांडते?’

या माद्यांबद्दल मला आदर वाटतो तो आणखी एका कारणानं. घरटं, अंडी, पिल्लं, सगळं एकटी मादी करते. नर तिथे फिरकत नाही. जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आगेमागे, एखाद्या रुंद पानावर ती घरटं बांधते, वर दुसऱ्या पानाचं छप्पर येईल अशी जागा बघून. त्या जंगलात बाल्साची झाडं आहेत, आपल्या सावरीच्या नात्यातली, बीजांना कापूस असणारी. 2024 साली सोबेरानियातच एक घरटं सापडलं, तसल्या कापसाचं. अंड्यातून आलेलं पिल्लू करंगळीहून लहान, पण पाठीवर लांब, तपकिरी, केसांसारखी लव. जवळ गेलं की ते मान झटकत अंग वळवळवायचं. आपल्याकडे पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. ते नुसते पाहूनच अंगाला खाज सुटते. पिल्लू हुबेहूब तसलं दिसत होतं. एकदा एक गांधीलमाशी घरट्याजवळ आली, पिल्लानं तीच वळवळ केली आणि ती निघून गेली. 2025च्या मार्चमध्ये हे प्रसिद्ध झालं. दंश करणाऱ्या सुरवंटाचं सोंग असावं, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. एकाच घरट्यावरची नोंद आहे, म्हणून अंदाजच म्हणायचं. एकदा धडा घेतलेला मी तरी तेवढंच म्हणेन.

म्हणजे हा पक्षी जन्मतो बहुधा सुरवंटाच्या वेषात, उडायला लागतो नराच्या वेषात, आणि पुढे काही माद्या तो वेष उतरवतच नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. डावीकडची हिरवट ती मादी, यात मला फारशी शंका नाही. उजवीकडचा निळा नर असेल, निळी राहिलेली मादी असेल किंवा या दोन्हींपैकी कुणाचं तरी नुकतं उडायला लागलेलं पोर असेल. रक्ताचा थेंब घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि बायकोनं त्या सकाळी घेतला होता तो फक्त फोटो. फ्रेमखाली मी पूर्वी ‘नर व मादी, पनामा’ अशी पट्टी चिकटवली होती. ती खरवडून काढली, पण डिंक निघाला नाही. म्हणून तिथे तो चिकट डाग आहे, जो तुम्ही परवा बोटानं पुसून बघत होतात.