काकूचा रकाना

दुपारी डबे करून देणाऱ्या काकूचा २४ तासांचा रिकॉल (आदल्या दिवशीच्या खाण्याची आठवणीतून नोंद) घ्यायला बसले आणि फॉर्म अर्धाच राहिला. बडोद्याच्या दांडिया बाजारातून घरी आले तरी डोक्यातून जात नाहीये.

काल काय काय खाल्लं, एवढंच विचारायचं असतं. आधी नुसती यादी, मग विसरलेलं आठवायला लावायचं (चहा, बिस्कीट, शेंगदाणे, प्रसाद), मग वेळ, शेवटी वाट्या-चमचे समोर मांडून माप. काकूला सगळं आठवत होतं. सयाजीगंजच्या मुलाने भात नको म्हणून कळवलं, रावपुऱ्यातल्या आजोबांची आमटी बिनतिखटाची गेली, काकांनी अर्धी पोळी जास्त घेतली. आणि तू?

"मी काय, चव बघितली ना."

मग नंतर?

"नंतर डबे परत आले. घासले."

खोदून विचारलं तर म्हणाली, जे होतं ते खाल्लं. जे होतं ते म्हणजे किती ग्रॅम? २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत, शंभर ग्रॅमला लोह किती ते एका मिनिटात काढते मी. इथे पदार्थच सापडेना. तळहातावर घेतलेली आमटी कुठे लिहू?

राग आला, पण कुणाचा ते कळेना. बी.एस्सी.च्या मैत्रिणी वजन उतरवायचे तक्ते लिहून कमावतात आणि मी पिशवीत स्टीलच्या वाट्या घेऊन फिरते. सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना सुरू झालेल्या गृहविज्ञानाच्या फॅकल्टीत एम.एस्सी.ला नंबर लागला तेव्हा काकूनेच पेढे वाटले होते. आईने तर... जाऊ दे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातच्या १५ ते ४९ वयातल्या ६५ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. हा आकडा मी परीक्षेत कारणांसकट लिहिलाय. काकू पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे त्या मोजणीतही ती नाही. माझ्याही फॉर्मवर नाही. चव बघितली ना, म्हणे! एवढ्या लोकांची पोटं भरणारी बाई, आणि तिच्या स्वतःच्या जेवणाला ना वेळ ना माप.

रात्री जरा डोकं शांत झालं. आठवणीतून निघत नसेल तर वजन करून नोंद ठेवायची, ती पद्धतही आम्हाला शिकवलीच आहे. काकूला फोन केला: उद्या काटा घेऊन येते, तोंडात टाकशील ते आधी काट्यावर ठेवायचं.

"ये, पण सातला ये. आणि नुसती बसू नकोस, कणीक मळून दे."

मी समोर असले की ती पान वाढून घेऊन बसेल, मला ठाऊक आहे. म्हणजे नोंद रोजच्यासारखी होणारच नाही, आणि तसं मला फॉर्मवर लिहावं लागेल. लिहीन. उद्या निदान बसून जेवेल तरी.