झिजलेल्या अक्षराचा बोर्ड

थंडी सुरू झाली की जळगावात भरीत सेंटरच्या बोर्डांची कामं येतात. यंदा एका गिऱ्हाइकाने अट घातली, "भाऊ, बोर्ड आजोबांच्या काळातला वाटला पाहिजे." सोबत मोबाइलवर एक इंग्रजी फॉन्ट दाखवला. जाडजूड अक्षर, टोकांना चौकोनी पट्ट्या, कडा खाल्लेल्या. स्लॅब सेरिफ.

ही जात मला फार आवडते. ती पुस्तकासाठी नव्हे, भिंतीवरच्या जाहिरातीसाठी वाढली. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या छपाईची अक्षरं ओतणाऱ्याच्या नमुन्यांत ती १८१५ च्या सुमारास दिसते, पुढे १८४५ मध्ये याच जातीचं क्लॅरेंडन हे अक्षर आलं. पोस्टरची अक्षरं शिशात ओतायची तर जड आणि महाग. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने ती लाकडात यंत्राने कापायची सोय केली. आणि लाकूड झिजतं. कोपरे आधी उडतात, खोक पडली तिथे शाई बसत नाही, सुकलेल्या लाकडाच्या रेषा छापात उतरतात.

म्हणजे झिजेला कारण असतं. बऱ्याच तयार फॉन्टमध्ये ते दिसत नाही. अक्षरभर पांढरे ठिपके पेरलेले, कोपरे मात्र नवेकोरे! असं अक्षर मी वापरत नाही.

आता हे देवनागरीत कसं आणायचं? प्रत्येक उभ्या दंडाला खाली पट्टी लावली की 'भू', 'कु' लिहिताना ती उकाराला अडते. माझं मत असं, की आपल्याकडे आडव्या पट्टीचं काम शिरोरेषाच करते. तीच जाड ठेवावी, तिचे कोपरे चौकोनी कापावेत आणि झीजही तिथेच आधी दाखवावी. 'भ'ची गाठ मात्र मोकळी सोडायची. जाडीच्या नादात ती बुजली की लांबून नुसता काळा गोळा दिसतो.

झिजलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये 'खान्देशी भरीत' टाइप केलं तर 'शी' आणि 'री' या दोन्हींच्या वेलांटीवर तीच खोक, त्याच जागी. लाकडाच्या दोन खिळ्यांवर, म्हणजे छापायच्या अक्षर-ठोकळ्यांवर, असं कधी होणार नाही. चांगल्या इंग्रजी फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात, त्यामुळे शेजारचं अक्षर वेगळं झिजलेलं येतं. इथे मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्हज करून, म्हणजे त्यांना हवं तसं बदलता येईल अशा आकारांत आणून, दुसऱ्या वेलांटीची खोक हाताने भरली, टवका दुसरीकडे काढला. शिरोरेषेचा सांधाही एके ठिकाणी किंचित उघडा ठेवला.

बारीक ओरखडे सगळे पुसले. रस्त्यापलीकडून ते दिसत नाहीत, आणि फ्लेक्सवर छपाई बिघडल्यासारखे वाटतात. मोठे टवके तेवढे ठेवले. फोन नंबर, वेळ आणि 'सोबत कळण्याची पुरी' ही ओळ साध्या मुक्ता फॉन्टमध्ये आहे. गिऱ्हाइकाला नंबरही झिजलेला हवा होता. त्याला मी ठाम नाही म्हटलं.