गोंदियाच्या गाडीनं जंगल: यंदाच्या सफारीची आखणी कुठवर आली

यादी अखेर दोन नावांवर आली, नागझिरा आणि कान्हा. दिवाळीपासून ताडोबा, पेंच, कबिनी, कुनो असं बरंच काही घोळत होतं. नावं कशी गळत गेली ते लिहून ठेवतोय, कारण आपल्या कोल्हापूरकडच्या मंडळींचं गणित नागपूरकरांपेक्षा वेगळं असतं. त्यांना पेंच म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं. आपल्याला कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एक रात्र आणि दुसरा बराचसा दिवस काढावा लागतो.

खरं तर त्या गाडीनंच निम्मा निकाल लावला. वर्ध्याला उतरून चंद्रपूर गाठलं की ताडोबा, नागपूरला उतरलं की पेंच. आणि बूड न हलवता शेवटपर्यंत बसलं की गोंदिया. तिथून नागझिरा जवळ, आणि बालाघाट-बैहरच्या रस्त्यानं कान्ह्याचं मुक्की गेट. एकाच तिकिटात दोन वेगळ्या जातीची जंगलं पदरात पडतात.

ताडोबा गेल्या उन्हाळ्यात झाला. पहिल्यांदा वाघ बघायचाय म्हणणाऱ्याला मी आजही तेच नाव सांगेन. कोअरचं, म्हणजे आतल्या गाभ्याचं बुकिंग हुकलं तर आगरझरी, जुनोना अशी बफरची, म्हणजे भोवतीच्या पट्ट्याची गेटं आहेत, आणि कोअर कुठं संपतो ते वाघाला कुणी सांगितलेलं नसतं. पण मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं. रंकाळ्याच्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते दुपारच्या फेरीत काय करतं, ते सोबतच्यांना विचारा. साग आणि बांबू डोळेभर बघून झाला, आता सालवृक्ष बघायचाय.

म्हणून कान्हा. सालाचं रान, मध्ये गवताळ मैदानं आणि त्यांत बारशिंगा हरणं. मध्य भारतातला कडक जमिनीवरचा बारशिंगा 1970 मध्ये अवघा 66 वर आला होता. कुंपण घातलेल्या गवताळ राखणीत त्याला जपलं, गावं हलल्यावर मैदानं मोकळी झाली, आणि आता इथलीच जनावरं सातपुडा आणि बांधवगडात नेऊन सोडली आहेत. वाघ दिसला तर हवाच आहे, नाही कोण म्हणतंय? पण जिप्सी एका जागी थांबवून अर्धा तास बारशिंगा बघायला तयार असलेलीच माणसं यंदा सोबत घेतोय. (यावरून ग्रुपमधले दोघे फुगलेत. फुगू देत.)

नागझिरा घेतला तो त्याच्या आटोपशीरपणासाठी. 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून तिथं सोडल्या, तेव्हापासून गर्दीची नजर वळायला लागलीय. त्याआधी जमलं असतं तर बरं, पण असो. चोरखमारा आणि पिटेझरी या दोन्ही गेटांतून प्रत्येकी निदान एक फेरी करायची आहे.

मार्च अखेर धरला, तो मोहासाठी. फुलं टपटपायला लागली की अस्वल झाडाखाली येतं. पानझडही बरीच झालेली असते, त्यामुळं नागझिऱ्यात नजर आतवर पोचते. साल मात्र पुरता उघडा पडत नाही, तेव्हा कान्ह्यात भरवसा मैदानांवरच.

चार जंगलं घेऊन बसलेल्यांसाठी एक हिशोब: मुक्काम हलवला की सकाळची आणि दुपारची अशा दोन्ही फेऱ्या जातात. त्यात सुट्ट्या, ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद आणि कान्हा बुधवारी दुपारी. एकाच गेटावर सलग चार फेऱ्या केल्या की पाणवठे, रस्ते, काल पगमार्क (वाघाच्या पावलांचे ठसे) कुठं होते हे डोक्यात बसतं, आणि गाइडही मोकळेपणी बोलायला लागतो.

कर्नाटकातलं कबिनी पुढं ढकललं. धरणाचं पाणी उतरल्यावर काठावर जमणारे हत्ती बघायचे आहेतच, पण बेळगाव-हुबळी करत गाडीनं जायचं तर वाटेत दांडेलीला धनेशांसाठी थांबणं आलं. म्हणजे ती सहलच वेगळी. कुनोचा मोह मात्र सुटत नाही. 2022 मध्ये तिथं नामिबियाहून चित्ते आले तेव्हा देशभर नवल झालं. आफ्रिकेतून चित्ते आणवून ते शिकारीला पाळायची चाल कोल्हापूर संस्थानात केव्हाच होऊन गेली होती.

तोवर सराव घराजवळच्या दाजीपूरला. ते ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य 1958 चं, राज्यातलं सगळ्यात जुनं, आणि तरी आपली माणसं त्याला 'गवे बघायची जागा' म्हणून निकालात काढतात. गवा हल्ली शहराच्या वेशीपर्यंत येतो, हेही खरं. पण दाजीपूरच्या दाट रानात हजार किलोचा नर पंधरा पावलांवर उभा असून दिसत नाही, तेव्हा आधी कान वापरावे लागतात. भेकर भुंकलं की कुठल्या अंगाला, किती वेळ, थांबलं कधी. शेकरू नुसतंच ओरडतंय की खाली बघून ओरडतंय. ही सवय मध्य भारतात फार उपयोगी पडते. तिथं गाइड 'कॉल' (वाघाची चाहूल लागून जनावरानं दिलेला इशारा) म्हणाला की सगळे त्याच्या बोटाकडं बघत बसतात. नवीन कॅमेरा घेतलेल्यांनीही आधी इथल्या अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) किती चढवावा लागतो ते बघून घ्यावं.

मुक्कीच्या सकाळच्या फेऱ्या पक्क्या झाल्या, नागझिऱ्याच्या व्हायच्या आहेत. जिप्सीत सहा जण बसतात, आम्ही पाच आहोत. यायचं असेल त्यानं जे ओळखपत्र गेटवर दाखवणार त्याचाच नंबर पाठवावा, आणि भडक टी-शर्ट घरी ठेवावेत.