तुम्ही विचारलंत म्हणून : अधिग्रहण शिकवताना स्कायचेच उदाहरण का?

कंपनी कायद्याच्या वर्गात अधिग्रहणाच्या प्रकरणाशी आलो की मी ब्रिटनमधल्या स्काय या सशुल्क दूरचित्रवाणी कंपनीची हकीकत सांगतो, आणि दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच की, आपल्याकडे एवढ्या कंपन्यांचे ताबे बदलत असताना सेबीचे नियम शिकायला आलेल्या मुलांना लंडनमधल्या एका टीव्ही कंपनीचा लिलाव कशासाठी सांगायचा. जुने विद्यार्थी विचारतात, सहकारी विचारतात. तासाच्या गडबडीत याचे उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रसारण कंपनी विकली जाते तेव्हा एकाच व्यवहारात दोन प्रश्न उभे राहतात. कंपनीत पैसा गुंतवून बसलेल्या लहानमोठ्या भागधारकांना रास्त भाव मिळतो की नाही, हा पहिला; आणि त्या देशातल्या बातम्यांवर एकाच घराण्याचा वरचष्मा होतो की काय, हा दुसरा. पहिला प्रश्न भागधारकांचा आहे, दुसरा नागरिकांचा. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत न मिसळता वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या नियमांनी तपासले, आणि तेही सगळ्यांच्या देखत, असे स्कायइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

रूपर्ट मरडॉक यांनी 1989 मध्ये सुरू केलेली स्काय आणि तिची प्रतिस्पर्धी बीएसबी या दोन तोट्यातल्या कंपन्या 1990 च्या अखेरीस एकत्र आल्या आणि बीस्कायबी जन्माला आली. 1992 पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलचे हक्क हाती आल्यावर ती वाढत गेली. 2006 पासून इंग्लंडमधले कसोटी सामनेही तिच्याकडे गेले, त्यामुळे तिथल्या मराठी घरांनाही भारताचा इंग्लंड दौरा घरी बसून पाहायचा तर स्कायची वर्गणी भरणे आले. मरडॉक यांच्या कंपनीकडे सुमारे 39 टक्के समभाग होते. उरलेले 61 टक्के पेन्शन फंड, गुंतवणूक संस्था आणि सामान्य भागधारक यांच्याकडे होते. पुढचा सगळा संघर्ष या 61 टक्क्यांसाठी झाला.

पहिला प्रयत्न जून 2010 चा. मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने दर समभागाला 700 पेन्स, म्हणजे 7 पौंड, देऊ केले आणि संचालक मंडळाने ते कमी म्हणून नाकारले. पण भावाची बोलणी बाजूलाच राहिली. ‘द सन’ आणि ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रांचा मालकच स्कायच्या स्काय न्यूज या वृत्तवाहिनीचाही पूर्ण मालक होणार, यावरून चौकशीचा आदेश निघाला. ज्या मंत्र्यांनी न्यायाधीशाच्या भूमिकेतून निर्णय द्यायचा, त्या व्हिन्स केबल यांनी आपण मरडॉक यांच्याविरुद्ध युद्ध पुकारल्याचे खाजगी संभाषणात सांगितले. समोरची माणसे वेश पालटून आलेले पत्रकार होते. ते छापून आले आणि विषय दुसरे मंत्री जेरेमी हंट यांच्याकडे सोपवला गेला. स्काय न्यूज वेगळी काढण्याच्या अटीवर परवानगी मिळणार असे दिसत असतानाच, जुलै 2011 मध्ये मरडॉक यांच्याच ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने एका खून झालेल्या शाळकरी मुलीच्या फोनमधले निरोप चोरून ऐकल्याचे उघड झाले. ते साप्ताहिक बंद झाले आणि 13 जुलैला, पार्लमेंटमध्ये चर्चा व्हायच्या आधी काही तास, देकार मागे घेण्यात आला. बातम्यांचा प्रश्न लोकक्षोभाने निकाली निघाला आणि भावाचा प्रश्न विचारलाच गेला नाही. दोन्ही प्रश्न एकत्र गुंतले की काय होते, ते मी याच प्रसंगावरून दाखवतो.

दुसरी फेरी डिसेंबर 2016 मध्ये सुरू झाली. मधल्या काळात जर्मनी आणि इटलीतल्या भगिनी कंपन्या घेऊन बीस्कायबीची स्काय पीएलसी झाली होती, ग्राहक सुमारे सव्वादोन कोटींच्या घरात होते, आणि मरडॉक यांचा हिस्सा ट्वेन्टी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सकडे आला होता. फॉक्सने 10.75 पौंडांचा देकार दिला. रूपर्ट यांचे पुत्र जेम्स मरडॉक एकाच वेळी खरेदीदार कंपनीचे मुख्याधिकारी आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते, म्हणून स्वतंत्र संचालकांची समिती नेमली गेली आणि तिने या देकाराची शिफारस केली. तेव्हा दुसरा कोणी गिऱ्हाईक समोर नव्हता, हे त्या संचालकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही भाव कमी आहे अशी कुरकूर काही भागधारकांनी केलीच.

या वेळी मात्र दोन प्रश्नांचे दोन मार्ग शेवटपर्यंत वेगळे राहिले. बातम्यांच्या प्रश्नावर सांस्कृतिक खात्याच्या मंत्री कॅरन ब्रॅडली यांनी आधी प्रसारण नियामक ऑफकॉमकडून आणि मग स्पर्धा प्राधिकरणाकडून अहवाल मागवला. जानेवारी 2018 मध्ये प्राधिकरणाने प्राथमिक निष्कर्ष काढला की, प्रसारणाची मानके पाळण्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, मात्र वृत्तमाध्यमांतले वैविध्य पाहता व्यवहार सार्वजनिक हिताचा नाही. जूनमध्ये ब्रॅडली यांच्यानंतर आलेल्या मॅट हॅनकॉक यांनी, स्काय न्यूज दुसऱ्याला विकायची या अटीवर, फॉक्सचा रस्ता मोकळा केला. या अहवालांत भावाबद्दल काही नव्हते, आणि कंपन्यांच्या ताब्याचे नियम राबवणाऱ्या ब्रिटनमधल्या अधिग्रहण पॅनेलच्या आदेशांत बातम्यांबद्दल काही नव्हते. तसे असणेच योग्य होते.

तपासाला लागलेल्या या दीड वर्षाने एक गोष्ट घडवली, जी कोणी योजलेली नव्हती. फेब्रुवारी 2018 च्या अखेरीस अमेरिकेतली केबल कंपनी कॉमकास्ट 12.50 पौंडांचा देकार घेऊन पुढे आली. तिची ब्रिटनमध्ये वृत्तपत्रे नव्हती, त्यामुळे तिच्यापुढे बातम्यांचा अडसरही नव्हता. स्वतंत्र संचालकांनी फॉक्सची शिफारस मागे घेतली. एव्हाना फॉक्सचाच मोठा भाग डिस्ने विकत घेत होती. त्यासाठीही कॉमकास्टने 65 अब्ज डॉलरची बोली लावली, डिस्नेने 71.3 अब्जांवर नेली आणि जुलैमध्ये कॉमकास्ट त्या शर्यतीतून बाहेर पडून फक्त स्कायच्या मागे लागली. फॉक्सने स्कायसाठी 14 पौंड म्हटले, त्याच दिवशी कॉमकास्टने 14.75.

येथे पॅनेलचा एक आदेश मी वर्गात सावकाश समजावतो, कारण आपल्या सेबीच्या 2011 च्या नियमांतले अप्रत्यक्ष अधिग्रहण त्यावरून चांगले कळते. डिस्ने स्कायचा एकही समभाग थेट घेत नव्हती, ती फॉक्स घेत होती. पण फॉक्सबरोबर स्कायचे 39 टक्केही तिच्या हाती येणार होते. म्हणून पॅनेलने ठरवले की, फॉक्स किंवा कॉमकास्ट यांपैकी कोणालाच तोवर ताबा मिळाला नाही, तर डिस्नेने उरलेल्या भागधारकांना 14 पौंडांचा देकार दिलाच पाहिजे. वरची कंपनी घेऊन खालच्या कंपनीच्या भागधारकांना टाळता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व आहे.

उन्हाळा संपत आला तरी कोणी माघार घेईना, तेव्हा पॅनेलने लिलाव पुकारला. 21 सप्टेंबर 2018 च्या शुक्रवारी संध्याकाळी तो सुरू झाला आणि शनिवारी रात्रीपर्यंत संपला. पहिल्या फेरीत फक्त कमी बोलीवाल्या फॉक्सने भाव वाढवायचा, दुसरीत फक्त कॉमकास्टने, आणि तिसरीत दोघांनी एकाच वेळी मोहोरबंद बोली द्यायची, अशी त्याची रचना होती. या तिसऱ्या फेरीत सगळे मर्म आहे. उघड लिलावात जिंकणाऱ्याला हरणाऱ्यापेक्षा एक पेनी जास्त दिली की पुरते, त्यामुळे आपल्या दृष्टीने वस्तूची खरी किंमत किती हे त्याला शेवटपर्यंत झाकून ठेवता येते. मोहोरबंद बोलीत समोरचा किती लिहील हे कळत नाही आणि पुन्हा संधी नसते. म्हणून गमावल्याचा पस्तावा होणार नाही एवढा आकडा लिहावा लागतो. फॉक्सने 15.67 पौंड लिहिले, कॉमकास्टने 17.28. फरक 1.61 पौंडांचा, म्हणजे साऱ्या कंपनीवर सुमारे पावणेतीन अब्ज पौंडांचा, आणि तो विकणाऱ्यांच्या पदरात पडला. संचालकांनी डिसेंबर 2016 मध्ये मान्य केलेल्या भावापेक्षा हा भाव सुमारे 60 टक्क्यांनी जास्त होता.

फॉक्सच्या बोलीकडे आणखी एका बाजूने पाहावे लागते. तिच्याकडे 39 टक्के समभाग असल्याने हरली तरी ती विक्रेती होणारच होती, आणि भावात वाढलेल्या प्रत्येक पौंडामागे तिला साठ-सत्तर कोटी पौंड जास्त मिळणार होते. पुढे तिने आपला हिस्सा कॉमकास्टला 11.6 अब्ज पौंडांना विकला आणि त्या पैशाचा लाभ अखेर डिस्नेला झाला. ताबा हवा असलेला मोठा भागधारक भाव चढवताना केवळ खरेदीदार म्हणून विचार करत नाही, हे मुलांना आकड्यांनिशी दिसते. फॉक्सबरोबर स्टार इंडियाही डिस्नेकडे गेली, म्हणजे आपल्या स्टार प्रवाहचीही मालकी याच व्यवहारात बदलली. हे ऐकल्यावर वर्गातली मुले जरा सावरून बसतात.

आपल्याकडच्या एनडीटीव्हीच्या ताब्याशी मी नंतर याची तुलना करतो. ऑगस्ट 2022 मध्ये अदानी समूहाने प्रवर्तकांना पूर्वी कर्ज दिलेली कंपनी घेतली, तिच्या हक्कातून 29.18 टक्के समभागांवर अप्रत्यक्ष ताबा मिळवला आणि नियमाप्रमाणे आणखी 26 टक्क्यांसाठी 294 रुपयांचा खुला देकार दिला. बाजारभाव त्याहून वर होता. पुढे डिसेंबरमध्ये संस्थापकांकडून 342.65 रुपयांनी समभाग घेतल्यावर, खुल्या देकारात समभाग दिलेल्यांनाही फरकाचे 48.65 रुपये देण्यात आले. म्हणजे पहिल्या प्रश्नाला आपल्याकडे नियम आहेत, आणि ते कामही करतात. पण वृत्तवाहिनीचा मालक बदलल्याने देशातल्या बातम्यांच्या वैविध्याचे काय होते, हा दुसरा प्रश्न विचारण्याची जबाबदारी ब्रिटनसारखी कोणा संस्थेवर कायद्याने टाकलेली नव्हती. माध्यमांच्या मालकीविषयी ट्राय या दूरसंचार नियामकाने 2014 मध्ये सविस्तर शिफारशी केल्या होत्या. त्यांचा कायदा झाला नाही. मला ही त्रुटी गंभीर वाटते, आणि सेबीचे नियम कितीही सुधारले तरी ती भरून निघणार नाही, कारण तो सेबीचा विषयच नव्हे.

हुशार विद्यार्थी यावर हमखास एक आक्षेप घेतात, आणि तो मला आवडतो. 2022 मध्ये कॉमकास्टने स्कायच्या मूल्यातले बरेचसे खात्यातून कमी केले. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत तिने दाखवलेली 8.6 अब्ज डॉलरची घट मुख्यतः स्कायपोटी होती. प्रेक्षक नेटफ्लिक्ससारख्या सेवांकडे वळत असताना उपग्रह वाहिन्यांची कंपनी एवढ्या भावाने घेणे चुकलेच, मग त्या लिलावाला चांगले कसे म्हणायचे? माझे म्हणणे असे की, लिलाव कॉमकास्टच्या भागधारकांना वाचवण्यासाठी नव्हताच. त्यांचे हित पाहायला त्यांचे स्वतःचे संचालक मंडळ होते, आणि 17.28 हा आकडा त्या मंडळाच्या कंपनीने लिहिला, पॅनेलने नव्हे. दुसऱ्या बाजूला ज्या पेन्शन फंडाने सप्टेंबर 2018 नंतर आपले समभाग देऊन रोख पैसे घेतले, त्याला चार वर्षांनंतरच्या त्या घटीची झळ स्कायचा भागधारक म्हणून लागली नाही. आणि या व्यवहारात नियमांच्या संरक्षणाची गरज कोणाला होती असे विचाराल, तर त्यालाच होती.