फ्रॉक, नऊवारी आणि ज्वालामुखी

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीवर गेलात तर बर्फातून फ्रॉकवाल्यांची रांग वर चाललेली दिसते, आणि त्यात दाढीवाले बाप्येही असतात. मदर्स डे ना, त्या दिवशी ड्रेस घालून चढायची तिथे पद्धतच आहे. आत थर्मल, पायात क्रॅम्पॉन्स (बुटांना बांधायचे खिळे), हातात बर्फातली कुदळ म्हणजे आईस अ‍ॅक्स आणि वर फुलाफुलांचा झगा. आमच्या पोर्टलंडच्या ग्रुपमधल्या वहिनींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, मग मी आईची इरकल नऊवारीच नेसते की.

चढ मात्र गमतीचा नाही हं. मार्बल माउंटन स्नो पार्कपासून वर्म फ्लोज रूटने ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठापर्यंत साधारण ५७०० फूट, म्हणजे आपलं कळसूबाई थेट समुद्रापासून चढायला घेतलं तरी ते आधी संपेल. काळोखातच हेडलॅम्प लावून निघायचं कारण रात्रीत बर्फ घट्ट झालेला असतो, ऊन चढलं की तोच भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत. पुढचा माणूस बुटाच्या टोकाने लाथा मारत पायऱ्या पाडतो, मागचे त्यावरूनच जातात, पण पुढे कुणी सहा फुटी असला की वैताग, पायऱ्या त्याच्या मापाच्या! म्हणून आम्ही पिवळ्या फ्रॉकमधली एक बुटकी बाई हेरली आणि गुपचूप तिच्या मागे लागलो, ती थांबली की आम्ही थांबायचो. झाडं संपेपर्यंत गप्पा जोरात होत्या, मग फक्त पाणी दे, चिक्की दे एवढंच. ऊन बर्फावरून उलटं येतं त्यामुळे हनुवटीखाली आणि चक्क नाकपुड्यांत भाजतं, तिथेही सनस्क्रीन लावा, हसू नका.

वर शिखर असं नाहीच, खड्ड्याचा काठ आहे. १८ मे १९८० च्या स्फोटात ५७ माणसं गेली आणि डोंगराचं डोकंच उडालं, ९६७७ फुटांचा तो ८३६३ वर आला. काठावर बर्फाचा छज्जा धरतो, वरून जमीनच वाटते पण खाली पोकळी. २०१० च्या फेब्रुवारीत एक अनुभवी गिर्यारोहक असाच छज्जा तुटून आत पडून गेला. तरी लोक सेल्फीसाठी पुढे पुढे सरकतात, काय बोलणार. मागे राहूनही समोर रेनियर पर्वत मस्त दिसतोच की.

उतरताना खरी मजा, क्रॅम्पॉन्स काढायचे (न काढता घसरलात तर घोटा गेलाच समजा), बर्फात पडलेल्या घळीत बसायचं आणि आईस अ‍ॅक्सचा ब्रेक लावत सुटायचं, जे चढायला तास तास गेले ते मिनिटांत खाली. फ्रॉकवाल्यांच्या झग्यांत पार गळ्यापर्यंत बर्फ भरला, सगळे किंचाळतायत, आणि वहिनी काष्टा घट्ट मारलेल्या, टोप सावरत ऐटीत खाली. पाठीमागून एक अमेरिकन आजोबा विचारत होते, हे कुठे मिळतं?

आता ग्रुपवर पुढच्या वर्षीच्या नऊवाऱ्यांची चर्चा चालू आहे आणि पुरुषमंडळींचा एकच प्रश्न, शिवलेली मिळते का, एक्सएलमध्ये?